नाताळच्या रांगेतली सही

टेनेसीच्या डोंगरातल्या त्या गावात वर्ना डेल हस्कीला मान होता तो तिच्या वाचण्यामुळे. रविवारी ती चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवायची, एरवी गिरणीत मोज्यांची टोकं शिवायची. बँकेचा कागद येवो की दवाखान्याचा, शेजारीपाजारी म्हणत, "वर्ना डेलला दाखवा."

गिरणीच्या जुन्या मालकाने कामगारांना एक पातळ पुस्तिका दिली होती. तीनदा समज दिल्याशिवाय कुणाला काढणार नाही, असं तीत छापलेलं. त्या एका ओळीच्या भरवशावर लोकांनी घरं उभी केली. मग म्हातारा वारला, गिरणी विकली गेली, आणि नव्या मालकांची नवी पुस्तिका आली ती नेमकी नाताळच्या तोंडावर. टेबलाच्या एका टोकाला पुस्तिका, दुसऱ्या टोकाला दरसालची भेट, खारवलेल्या डुकराच्या तंगड्या. सही करायची, तंगडी उचलायची, घरी जायचं.

टेबलामागे मुकादम हॉइट. चर्चमध्ये तो वर्ना डेलच्याच बाकावर बसायचा. तिने चष्मा चढवला, शेवटचं, सहीचं पान उघडलं. दोन ओळी झाल्या नसतील तोच तो हसला.

"अगं बाई, प्रवचन द्यायचंय का त्यावर? तोवर तंगडी चालत घरी जाईल!"

मागची रांग खिदळली. त्या डोंगरात ओळखीच्या माणसाने पुढे केलेला कागद त्याच्यासमोर वाचणं म्हणजे 'तुझा भरवसा नाही' असं तोंडावर सांगणं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. तिने सही केली. तिच्या मागे ओपल, शेजारच्या यंत्रावरची, जिवाभावाची मैत्रीण. तिने तर एक ओळही न वाचता सही केली.

हिवाळा सरता सरता ओपलचा नवरा अंगणात कोसळला. निरोप येताच ती यंत्र थांबवून धावली. दुसऱ्या दिवशी हॉइटने तिला फाटकातच अडवलं. त्याची नजर जमिनीवर.

"वरून सांगणं आलंय, ओपल. आत येऊ नकोस."

"अरे, एकदासुद्धा समज दिली नाहीत!"

"आता द्यावी लागत नाही."

वर्ना डेल तिला आपल्या गाडीतून वकिलाकडे घेऊन गेली. त्याने शेवटचं पान वाचलं आणि पुस्तिका हळूच मिटली.

"बाई, या राज्यात मालक कुणालाही, कधीही, कारण न देता काढू शकतो. जुन्या वचनावर निदान भांडता तरी आलं असतं. पण इथं लिहिलंय, जुनं सगळं रद्द, आणि ही पुस्तिका म्हणजे करार नव्हे. त्यावर तुमची सही आहे. वाचलं नव्हतंत?"

"हिनं वाचलं होतं," ओपल म्हणाली.

परतताना गाडी नदीपाशी आली. तेव्हा ओपल म्हणाली, "तुलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नसेल."

पळवाट समोर उघडी होती. वर्ना डेलने गाडी कडेला घेतली.

"मी वाचलंच नाही, ओपल. हॉइट हसला, आणि मी लाजले."

ओपल खिडकीबाहेर बघत राहिली. "तू थांबली असतीस," ती हळूच म्हणाली, "तर मीही थांबले असते गं."

दुसऱ्या दिवशी वर्ना डेल कामावर गेली. जावंच लागलं. ओपलच्या यंत्रावर नवी बाई बसली होती, दोरा सारखा तुटत होता तिचा. वर्ना डेलने तो ओवून दिला, पण मान वर करून तिचं नाव विचारणं काही तिला जमलं नाही.