शुक्रवारची पाहणी

आईबरोबर पडघ्याच्या बाजारात भाजी विकता विकता मी वकील झालो. बाररूममधले बडे वकील मला ‘भेंडीवाले वकील’ म्हणत. इतक्या वर्षांत त्यातल्या एकानेही मला बसायला खुर्ची दिली नाही. तो राग मी आजही जपून ठेवला आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत लूम कामगारांच्या एका वस्तीला खेटून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. वस्तीतली पोरं पोट धरून रडायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या हिरड्यांवरची निळसर रेघ दाखवली. म्हणाल्या, “हे शिसं अंगात गेलंय. भट्टी हलवा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही.”

नगरपालिकेत तक्रार घेऊन गेलो तर तिथला कारकून म्हणाला, “वस्ती अनधिकृत आहे. यांना तक्रारीचा हक्क नाही.”

“झोपडं अनधिकृत असेल, पोरगं कसं अनधिकृत?” मी टेबलावर हात आपटला. त्याचा चहा त्याच्याच फायलीत सांडला. मी थेट प्रांतसाहेबांकडे अर्ज लावला.

साहेब जागा बघायला तयार झाले. प्रश्न उरला वाराचा. मला शुक्रवारच हवा होता. शुक्रवारी लूम बंद. एरवी शिफ्टवर असलेले आईबाप त्या दिवशी पोरांसकट घरी असतात. पण हवी ती वस्तू मागितली की भाव चढतो, हे मी बाजारात शिकलो होतो.

“साहेब, कोणताही वार द्या, शुक्रवार नको!” मी ओरडलो. “शुक्रवारी भट्टी थंड असते!”

भट्टीच्या मालकाचे, शेटचे, वकील ठाण्याहून आलेले, बाररूममधलेच. ते लगेच उठले. “आम्हाला शुक्रवारच सोयीचा.” मी आदळआपट केली, साहेबांची बोलणी खाल्ली आणि शुक्रवार घेऊन बाहेर पडलो. जिन्यात हसू आवरेना म्हणून तोंडात रुमाल कोंबला.

शुक्रवारी भट्टी झाडून पुसून ठेवली होती, दारात रांगोळीसुद्धा. साहेब वळले तर गल्ली माणसांनी भरलेली. “दात दाखवा रे साहेबांना!” मी म्हणालो. तीसेक पोरांनी एकदम ओठ खाली ओढले. एक हसलं, मग सगळी हसायला लागली. साहेबांनाही हसू फुटलं. पण मी सोबत आणलेल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या पोरीच्या हिरडीवर बोट ठेवलं, तसं ते गेलं.

“मशेरी लावतात साहेब ही लोकं,” शेट म्हणाले. “हिरड्या काळ्या व्हायच्याच.”

त्यांचे वकील मान डोलवत होते. तेवढ्यात भट्टीच्या आवारातून शेटच्याच वॉचमनची बायको बाहेर आली. नवऱ्याच्या नोकरीपायी तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिने कडेवरच्या पोरीचा ओठ स्वतः उचलला. तीच रेघ.

“माझी दोन वर्साची हाय, शेट. ही मशेरी लावती का? अजून सगळ्या दाढा आल्या न्हाय तिला.”

मग मागून एक म्हातारा म्हणाला, “अब बोलो, वकीलसाब!” मला बोलायची गरजच उरली नव्हती. साहेबांनी तिथेच खाटेवर बसून टिपण घेतलं.

पुढच्या तारखेला भट्टी हटवायचा हुकूम झाला. शेटने तीन महिने मागितले. मी म्हणालो, “उद्या सकाळी.” अर्धा तास घासाघीस करून आठ दिवसांवर सौदा पटला. वॉचमनची नोकरी गेलीच. त्याला दुसरीकडे लावेपर्यंत मी चार कारखानदारांशी भांडलो.

आठव्या दिवशी भट्टीची चिमणी पडली. धूळ उडाली तशी पोरं तिकडे धावली, आणि त्यांच्यामागे मी, काळ्या कोटात, हातात चप्पल घेऊन. “मागे व्हा! ती धूळच विष आहे!” पोरांना वाटलं, वकीलसाब पकडापकडी खेळतायत. ती चारी बाजूंना पळत सुटली. काल-परवापर्यंत पोट धरून बसणारी पोरं मला सापडेनात. शिव्या देत आणि हसत मी त्या गल्लीत दम लागेपर्यंत धावत राहिलो.