डाव्या हाताची बाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे पुढचे दोन दात भाऊजींनी ओट्याच्या कडेवर आपटून पाडले, तेव्हा मी त्या घरात नवी होते. भाजीत मीठ जास्त झालं, हे निमित्त. मीठ बरोबर होतं, मी चाखलं होतं, आणि तसं सांगत मी मध्ये पडले तर मलाही एक ठेवून दिली. आमचे हे तेवढ्यात स्कूटरच्या चाकात हवा भरायला निघून गेले. घरात मारहाण सुरू झाली की त्या स्कूटरची हवा हमखास उतरायची. सासूबाई कोपऱ्यात धान्य निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

पुढे गल्लीतली एक बाई परदेशातल्या मासळीच्या कारखान्यात लागली आणि तिथे अजून बायका हव्या आहेत असा निरोप आला. घरबसल्या पैसा येणार म्हटल्यावर भाऊजींनी जाऊबाईंची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. बायकोची बॅग त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उचलली. आपल्या पोरीला जाऊबाई माझ्या हवाली करून गेल्या. तिच्या अंगाला कुणी हात लावला तर मला सांग, एवढंच म्हणाल्या. मी सांगून तरी काय होणार होतं, पण हो म्हटलं.

तिथलं सगळं त्या मला फोनवर सांगायच्या. फिरत्या पट्ट्यावरून मासळी येते, बायका ओळीने उभ्या, उजव्या हातात सुरी, डाव्या हाताने मासा धरायचा, पोट फाडायचं, आतलं काढून टाकायचं. हात थंडीने बधिर, बोट कापलं तरी रक्त दिसल्यावरच कळतं. मुकादमाकडे खोकी ओढायचा लोखंडी आकडा असायचा आणि तो खोक्यांपेक्षा बायकांवर जास्त चालायचा. एकदा त्याने जाऊबाईंच्या शेजारच्या पोरीला त्या आकड्याच्या दांड्याने झोडपायला घेतलं. जाऊबाई आमच्या घरच्या सवयीने मध्ये पडल्या. आकडा पाठीत घुसला.

दुसऱ्या दिवशी ओळीतल्या सगळ्यात जुन्या बाईने त्यांना खांद्याला धरून फैलावर घेतलं. भाषा वेगळी, पण हाताने दाखवलं ते समजलं. मध्ये पडायचं नाही. मध्ये पडणारी त्याला नवी पाठ देते. बाजूला उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून. तिथला नेमच तसा होता, प्रत्येकीने आपल्या डाव्या हाताची बाई सांभाळायची. मार थांबत नसेल तर पट्टा थांबतो, सगळ्या सरकत येतात.

पुढच्या वेळी मुकादमाने आकडा उगारला तेव्हा जाऊबाई त्या पोरीच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. कान फाटला तरी हलल्या नाहीत. त्यांच्या उजवीकडे जुनी बाई आली, तिच्या उजवीकडे आणखी एक. मासळी पट्ट्यावरून खाली सांडत राहिली. मग सगळ्यांनी मिळून मुकादमाचा हात टेबलावर माशांमध्ये दाबला आणि जाऊबाईंनी त्याच्या मनगटावर सुरी ठेवली.

"कापलं नाही गं," त्या मला फोनवर म्हणाल्या. "नुसती ठेवली. त्यालाच मुतायला झालं."

मी इतकी हसले की पोर पळत आली. खरं सांगते, मला त्या मुकादमाच्या जागी भाऊजी दिसत होते.

काही वर्षांनी जाऊबाई त्या ओळीच्या प्रमुख झाल्या आणि आपल्या पोरीला न्यायला आल्या. तिथे तिच्या शिक्षणाची सोय करून आल्या होत्या. इकडे भाऊजींनी आपल्या दारूच्या दोस्ताशी पोरीचं लग्न ठरवून टाकलेलं. पोर त्या दिवशी गाडीत बसली नसती तर तिच्या दातांचंही तेच होणार होतं, हे मला दिसत होतं.

गाडी दारात आली आणि भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आडवे आले, हातात कमरेचा पट्टा. "परदेशात जाऊन शिंगं फुटली का?" म्हणत पहिला फटका घातला. बक्कल जाऊबाईंच्या कपाळात घुसलं, रक्त डोळ्यात उतरलं. बाहेर ह्यांच्या स्कूटरची हवा आठवणीने उतरलीच होती.

मी मध्ये धावले.

"मध्ये पडू नकोस," जाऊबाई मागे न बघता म्हणाल्या. "उजवीकडे ये माझ्या."

पोर त्यांच्या डावीकडे होती. मी वरवंटा उचलला आणि उजवीकडे उभी राहिले. पुढचा फटका माझ्या गालावर बसला, तोंडात रक्ताची चव आली, पण मी जागची हलले नाही. भाऊजींनी पुन्हा हात उगारला.

कोपऱ्यात सूप सरकल्याचा आवाज झाला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या, ओट्यावरची सांडशी घेतली आणि माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या.

"आई, तू बस खाली," भाऊजी म्हणाले, आणि त्यांना ढकलायला हात पुढे केला.

सासूबाईंनी त्या हाताची बोटं सांडशीत धरली आणि दोन्ही हातांनी आवळली. कडकन आवाज आला. भाऊजी ओरडत गुडघ्यावर आले, तरी सासूबाईंनी सोडलं नाही. जाऊबाईंनी त्यांचा दुसरा हात ओट्यावर दाबला, त्याच कडेपाशी, आणि तिथलीच भाजीची सुरी मनगटावर ठेवली.

"पोरी, चपला घाल," त्या म्हणाल्या.

पोरीने चपला घातल्या, बॅग उचलली, गुडघ्यावर आलेल्या बापाचे पाय ओलांडून बाहेर गेली. मागोमाग जाऊबाई गेल्या. गाडी वळेपर्यंत मी वरवंटा खाली ठेवला नाही.

हे हवा भरून आत आले, जमिनीवर विव्हळणाऱ्या भावाकडे बघत राहिले. "काय झालं?"

सासूबाई सांडशी पदराला पुसत होत्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ जास्त झालं होतं."

आता त्या धान्य निवडायला कोपऱ्यात जात नाहीत. ओट्याशी, माझ्या उजव्या हाताला बसतात, आणि सांडशी मांडीवर असते.