चट्टे हातावर, डॉक्टर छातीचा

कॅनडातल्या सरेमधल्या मराठी मंडळींत हेमचंद्र पोहरकर बाराही महिने पूर्ण बाह्यांच्या शर्टात दिसायचा. जुलैच्या पिकनिकलासुद्धा. लोक म्हणायचे, नागपूरचा माणूस, याला इथलं ऊन काय लागणार! हेमचंद्र हसून वेळ मारून न्यायचा. कोपरांवर, पाठीवर, गुडघ्यांवर लालभडक चट्टे होते आणि त्यांवरून रुपेरी खपल्या सुटायच्या. गाडीत कुणाला बसवण्याआधी तो सीट हाताने झाडून घ्यायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झालेलं हे दुखणं सत्तेचाळिसाव्या वर्षीही सोबत होतं. कडुनिंब झाला, करंजाचं तेल झालं, मलमांच्या ट्यूबा तर मोजायच्या पलीकडे गेल्या.

काम त्याचं पाइप तपासायचं. कागद गिरण्या, वाफेचे प्लांट, तेलाच्या टाक्या, असं जिथे जाडजूड पाइप असतील तिथे तो जायचा. पाइपवर जेलीचा थेंब लावायचा, त्यावर अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवायचा आणि आतली भिंत किती झिजली आहे हे पाइप न कापता सांगायचा.

२०१६च्या ऑक्टोबरात त्याला स्किन स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळाली. सात महिने वाट बघून मिळालेली. डॉक्टरबाईंनी पाठ बघितली, कोपरं बघितली आणि मग दंडाला पट्टा गुंडाळून त्याचं ब्लड प्रेशर घेतलं.

"मी स्किनसाठी आलोय," हेमचंद्र म्हणाला.

"माहीत आहे," त्या आकड्याकडे बघत म्हणाल्या. आकडा बराच वर होता. "जिने चढताना दम लागतो?"

लागत होता. शिडीवर चढताना तो हल्ली मधेच थांबायचा आणि वयाला दोष द्यायचा.

"वडील आहेत?"

"नाहीत. एक्कावन्नाव्या वर्षी गेले. हार्ट अटॅक."

"आणि त्यांची त्वचा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. विश्वनाथराव पोहरकर, टपाल कचेरीतले कारकून. त्यांच्या कोपरांवर हेच चट्टे होते. घरचे म्हणायचे उष्णता आहे. एका सकाळी कचेरीला निघताना बूट घालायला ते खाटेवर बसले, ते उठलेच नाहीत. तेव्हा घरचे म्हणाले, फार काळजी करायचे. उष्णता एका खणात, काळजी दुसऱ्यात. दोन्ही खण एकाच कपाटाचे आहेत हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. सोरायसिस फक्त कातडीचा आजार नाही. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच भडकते, आणि तो भडका कातडीवर दिसतो एवढंच. तोच दाह रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही लागू शकतो. चट्टे जितके जास्त, तितका हृदयाचा धोका वाढलेला आढळतो. सगळ्यांना होतंच असं नाही. पण बघितलं पाहिजे. त्यांनी फॅमिली डॉक्टरला पत्र लिहिलं. रक्त तपासलं गेलं, आणि मग मानेतल्या रक्तवाहिन्यांचा अल्ट्रासाउंड ठरला.

त्या दिवशी छाया, त्याची बायको, बाहेर बसली आणि हा आत टेबलावर आडवा झाला. टेक्निशियन मुलगी ट्यूब हातात घेऊन म्हणाली, "जेली जरा गार लागेल हं."

हेमचंद्रला हसू फुटलं. "मी रोज हेच करतो. पाइपवर."

तिलाही गंमत वाटली. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला.

हेमचंद्रने आजवर हजारो भिंती बघितल्या होत्या. सगळ्या मुक्या, निश्चल. ही भिंत हलत होती. प्रत्येक ठोक्याला फुगायची, पुन्हा जागेवर यायची, पुन्हा फुगायची. त्याने सवयीने मनात हिशेब केला. मिनिटाला सत्तर, दिवसाला लाखभर, सत्तेचाळीस वर्षांत पावणेदोनशे कोटींच्या घरात. पोलादाचा पाइप इतका हलवला असता तर कधीच तडकून गेला असता. आणि हे मऊ, बोटाने दबणारं काहीतरी, ना वेल्डिंग ना दुरुस्ती, आईच्या पोटात असल्यापासून चाललंय! त्याचे डोळे भरून आले. ते अंग तो इतकी वर्षं लपवत आला होता, त्याचा रागराग करत आला होता.

मग भिंतीवर एका जागी करडा उंचवटा दिसला. मुलगी बोलायची थांबली. ती शांतता हेमचंद्रला ओळखीची होती. पाइपवर वाईट आकडा आला की प्लांटच्या मॅनेजरसमोर तोही असाच गप्प व्हायचा; रिपोर्ट इंजिनियरने सांगायचा असतो.

रिपोर्ट आला. चरबीचा साठा होता, पण लहान. वाट मोकळी होती. प्रेशरची गोळी सुरू झाली, कोलेस्टेरॉलची सुरू झाली, चट्ट्यांसाठी इंजेक्शन सुरू झालं. "वेळेत आलात," फॅमिली डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर छाया म्हणाली, "अहो, सुधाकरदादांनाही चट्टे आहेत ना?"

तो चपापलाच. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने नागपूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. थोरला भाऊ सुधाकर सगळं ऐकून खो खो हसला.

"काय बे हेम्या! चट्टे हातावर, अन् डॉक्टर छातीचा? मले काही नाही झालं."

"दादा, बाबांना तरी काय झालं होतं? बूटच घालत होते ना?"

पलीकडचं हसू थांबलं. मग सुधाकर म्हणाला, "जातो बाप्पा. उद्याच जातो."

उद्याचे तीन आठवडे झाले, पण गेला. हृदयाच्या तपासणीसाठी चालण्याच्या सरकत्या पट्ट्यावर चढवलं, तर चौथ्या मिनिटालाच डॉक्टरांनी त्याला थांबवलं. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच आठवड्यात तिथे स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला.

सहाव्या दिवशी सुधाकरचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत. त्याने उजवं मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं. चट्ट्यांच्या वर, बरोबर नाडीवर, तिळाएवढा एक ठिपका होता.

"इथून नळी घालून आत गेले, हेम्या. इथून थेट हृदयापर्यंत. मी जागा होतो. समोर पडद्यावर सगळं दिसत होतं."

"मग? काय वाटलं?"

सुधाकरने त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "काय सांगू तुले," तो हळूच म्हणाला. "देवळात गेल्यावानी वाटलं."

छाया हेमचंद्रच्या मागे येऊन उभी राहिली. तिघंही त्या ठिपक्याकडे बघत राहिले.