छतातला वास

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांनी जुनी मोटार घेतली. हे डॉक्टर, दवाखाना जुन्या जालन्यात. पण बोलावणी पार घनसावंगीहून, केदारखेड्याहून यायची. टांग्यानं कुठवर जाणार? मोटार एका जहागीरदारांची होती. जहागीर गेली, मुलं हैदराबादला गेली आणि म्हातारे एकटेच वारले. गाडीबरोबर त्यांचा ड्रायव्हरही आमच्याकडे आला. साठीचा, कमी बोलणारा माणूस.

गाडीत वास होता. शिळ्या तंबाखूचा, कुबट. काचा खाली केल्या तरी हटत नसे. मला नुकते दिवस गेले होते. दार उघडलं की पोटात ढवळायचं. एकदा तर घनसावंगीच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवायला लागली.

मी हात धुऊन त्या वासाच्या मागे लागले. गाद्या सोडा घालून धुतल्या, उन्हात वाळवल्या. कडुनिंबाचा पाला आत कोंडून ठेवला. ऊद जाळला, तो दोन दिवस दरवळला आणि मग खालून तंबाखू पुन्हा वर आला. मिस्त्रीकडून गाद्यांतला काथ्यासुद्धा बदलून घेतला.

शेवटी यांना म्हटलं, "विकून टाका ही गाडी."

ड्रायव्हर बाहेर काच पुसत होता. त्यानं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीशी येऊन उभा राहिला.

"बाईसाब, वास गादीत न्हाई. छताला आतून कपडा हाये ना, त्याच्यात हाये."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?" मला रागच आला.

तो हातातलं फडकं पिळत राहिला. "मालक शेवटचं सालभर गाडीतच बसायचे. पोरं गेली, घर खाली झाल्तं. संध्याकाळी म्हणायचे, गाडी काढ. मंग ते मागं, मी पुढं. जायचं कुठंच न्हाई. अंगणातच, काचा बंद करून चिरूट ओढायचे."

"आणि तुम्ही?"

"मी बसायचो. डायवर कशाला असतो?"

मी गाडीकडे बघितलं. म्हणाले, "राहू द्या तो कपडा. मी वास सोसेन."

"न्हाई बाईसाब. पोटात लेकरू हाये तुमच्या."

मिस्त्रीला त्यानं हात लावू दिला नाही. दुपारी स्वतःच कपडा उसवून काढला. चहाच्या चोथ्यासारखा रंग झाला होता त्याचा. परसात नेऊन जाळला आणि पुरता विझेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्या दिवशी जेवला नाही. मी ताट दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा परत आलं.

नवा पांढरा कपडा लागला. वास बराचसा गेला. कडक उन्हात गाडी तापली की थोडा छताच्या लाकडी पट्ट्यांतून यायचा, पण त्याची मला सवय झाली.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा त्यानंच मला मोटार शिकवली. अंबडच्या रस्त्यावर बैलगाडीवाले कासरा आवरून बाई कशी चालवते ते बघत राहायचे. मी घाईघाईनं गिअर टाकायचे. तो शेजारून म्हणायचा, "जल्दी नका करू. बराबर चाललंय."