रडारला न दिसणारी होडी

आमच्या छोट्या शिडाच्या बोटीसाठी रडार निवडायला आम्ही नवरा-बायको दुकानात गेलो होतो. विक्रेता कौतुकाने म्हणाला, "मॅडम, धुक्यातसुद्धा मोठं जहाज लांबून दिसतं."

"आणि कोळ्यांची लाकडी होडी?" मी विचारलं.

"ती नीट उमटत नाही. पण तिचा तुम्हाला कसला धोका?"

माझं डोकंच सणकलं. माझे बाबा अशाच होडीत गेले. ती चिरडणाऱ्या जहाजाचा कप्तानही म्हणाला होता, पडद्यावर काही दिसलं नाही. एवढं शहाणं यंत्र, आणि त्याला फक्त मोठंच दिसावं?

"अहो, धोका त्यांना असतो, आपल्यापासून!" मी ओरडलेच.

शेवटी रडार घेतलं. पण धुकं उतरलं की नवरा बोट हळू करतो, आणि मी पुढच्या टोकाला उभी राहून संतापानेच हाका मारते, "कोणी आहे का रे पुढे?"