कार्डाला पाडलेलं भोक

आमच्याकडं म्हाताऱ्या बाईच्या अंगावर खिसा नसतो. त्यामुळं जे हरवू नये ते गळ्यात येतं. आईच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला पेटीची किल्ली होती, काटा काढायचा चिमटा होता. एसटीचं कार्ड हातात आल्यावर त्याची जागा ठरवायला तिला क्षणही लागला नाही. "याला भोक पाड," ती म्हणाली, "दोऱ्यात ओवते."

मी शिकलेला माणूस, मंठ्याला शाळेत गणित शिकवतो. तरी पोती शिवायचा दाभण चुलीत लाल केला आणि कार्डाच्या कोपऱ्यात घुसवला. भोक इतकं सुबक पडलं की मलाच माझं कौतुक वाटलं. वर आणखी शहाणपणा असा, की तिच्या पदराच्या गाठीतली नोट मीच सोडून घेतली. "पैसे कार्डात भरलेत. यंत्राला टेकवलं की झालं. नोटा कशाला सांभाळतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जालन्याला जायचं होतं. थोरली मावशी दवाखान्यात होती. आईची आई लवकर गेली. लहानग्या आईला न्हाऊमाखू घातलं ते या बहिणीनं. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि मावशी सारखं एकच विचारत होती, धाकटी आली का. शाळेत परीक्षा चालू होती, म्हणून मी आईला एकटीला गाडीत बसवलं. सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही.

कंडक्टरनं कार्ड यंत्राला लावलं, पुसून लावलं, उलटं करून लावलं. यंत्र वाजेना. "आजी, कार्ड घेऊन न्हाई राह्यलं. नगदी हाय का?" आईनं पदर चाचपला. गाठ नव्हती. तो भला माणूस, म्हणाला, "बसा, तुमचं तिकीट मी काढतो." पण आईनं उभ्या जन्मात कुणाचं फुकट घेतलं नव्हतं. "बहिणीला भेटाया दुसऱ्याच्या पैशानं जाऊ व्हय?" असं म्हणून ती पुढच्या फाट्यावर उतरली. घरून पैसे घेऊन दुपारची गाडी धरायची, हा तिचा बेत. उन्हातून चालत ती दारात पोचली, तेव्हा जालन्याहून फोन येऊन गेला होता.

मावशीचे दिवस झाल्यावर मी कार्ड बदलायला एसटीच्या आगारात गेलो. तिथल्या माणसानं मोबाइलच्या टॉर्चवर कार्ड धरलं. आत कडेकडेनं बारीक तार फिरलेली दिसली. भोकापाशी ती तुटली होती. "सर, याला भोक पाडत न्हाईत," तो म्हणाला.

घरी मी काही बोललो नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला आई सांगायची, "नशिबातच भेट नव्हती." ते ऐकून मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते.

मग नवं कार्ड आलं. आईनं गळ्यातला दोरा काढला, दाभण शोधून आणला आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवलं.

"याला बी पाड."

"नको. कापडाची पिशवी शिवू, तिच्यात ठेवून गळ्यात घाल."

"कामून?"

आता खोटं बोलवेना. "भोकानं आतली तार तुटते, आई. मंग कार्ड चालत न्हाई. त्या दिवशी तेच झाल्तं. चूक माझी."

तिनं दाभण माझ्यापुढून उचलला.

"पाड म्हणून मीच म्हणल्ते," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं नशिबाचं नाव कधी काढलं नाही.