टेकाडावर गेलेला मोबाईल

गुंजवण्याला, गावच्या घरी मी लॅपटॉपवर कोड दुरुस्त करत होतो. एडिटरमध्ये उघडलेल्या फाइली होत्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर, आणि इंटरनेट माझ्या मोबाईलवरून येत होतं. चारच्या आत काम पाठवायचं होतं. नोकरी अजून कायम झाली नव्हती. तेवढ्यात रेंज गेली. पुन्हा जोडणी करतोय, एवढंच एडिटर सांगत राहिला.

तोंडावर पाणी मारून आलो, तर मोबाईल जागेवर नव्हता.

"आण्णा घिऊन गेलं टेकाडावर," आई म्हणाली. "म्हनलं, तितं रेंज हाय, पोराचं काम खोळंबलंय."

समोर टेकाडावर वडील मोबाईल उंच धरून उभे होते. माझ्या प्रत्येक परीक्षेला ते असेच शाळेबाहेर उभे असायचे. पण मोबाईल इतका लांब गेल्यावर लॅपटॉपला त्याचा उपयोग नव्हता. लॅपटॉप वर न्यावा, तर जुनी बॅटरी संपलेली. वायर काढली की तो बंद पडायचा.

"आली का रं?" त्यांनी वरून हाक दिली.

वाऱ्यात माझं बोलणं पोचेना. खाली या, असं मी दोन्ही हातांनी खुणावलं. त्यांना वाटलं, अजून वर जायला सांगतोय. ते आणखी वर चढू लागले.